धंद्याचं बोलू : पैसेवाला प्रवासी भेटतो कुठे?

मे महिना संपला की ट्रॅव्हलवाल्यांना जाहिरातीची आठवण होते. तोपर्यंत फोन उचलायला वेळ नसतो आणि जूनमध्ये फोन वाजायचाच बंद होतो. त्यामुळे या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात तुमचाच भरणा जास्त होता, म्हणून हा अंक सगळा त्याच विषयावर.

प्रश्न : ताई नमस्कार. मी आणि माझे मिस्टर पुण्यात ट्रॅव्हलचं काम करतो, ग्रुप टूर नाही, फक्त कस्टमाइज्ड आणि तेही वरच्या बजेटचं, जोडप्याला दहा-बारा लाखांपासून पुढे. आफ्रिका सफारी, जपान, नॉर्वे, अंटार्क्टिका असं. गेलेले क्लायंट खूश आहेत, परत येतात, पण नवीन मिळत नाहीत. वर्षाला ६ लाख जाहिरातीला काढू शकतो. इन्स्टाग्रामवर पैसे टाकून बूस्ट केलं तर मेसेज भरपूर आले पण सगळे "दुबई चार रात्री बेस्ट रेट काय" असले. आता एका इंग्रजी मासिकाने फुल पेजचं कोटेशन दिलंय, एकजण एचएनआय डेटाबेस (म्हणजे श्रीमंतांच्या नावा-नंबरांची यादी) विकायला मागे लागलाय आणि मिस्टर म्हणतात एअरपोर्टला बोर्ड लावू. नेमकी जाहिरात द्यायची कुठे?
— श. दे., पुणे

उत्तर : तुमच्या तिन्ही पर्यायांचं आधी उरकून टाकते. एअरपोर्टचा बोर्ड नको. पुण्याचं नवीन टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झालं, छान आहे, पण तिथून जाणाऱ्या हजारो लोकांत तुमचे किती, आणि बोर्ड समोर येतो तेव्हा माणूस आधार कार्ड आणि बोर्डिंग पास चाचपत असतो. ६ लाख तिथे किती दिवस पुरतात ते कोटेशन मागवलंत की मिस्टरांना आपोआप कळेल, मी कशाला वाईट होऊ.

डेटाबेसवाल्याला तर फोनच ठेवा. तो जी एक्सेल शीट तुम्हाला विकतोय ती त्याने आधी प्लॉटवाल्याला, इन्शुरन्सवाल्याला आणि फार्महाऊसवाल्याला विकून झालेली असते. त्या यादीतल्या माणसाला १४० ने सुरू होणाऱ्या जाहिरातवाल्या नंबरांवरून दिवसभर फोन येतात आणि तो उचलत नाही. शिवाय वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये आलाय, परवानगी नसलेले नंबर विकत घेऊन उद्या एखाद्या वकील क्लायंटने विचारलं की माझा नंबर कुठून मिळाला, तर काय सांगणार?

मासिकाचं जरा वेगळं आहे. कॉन्डे नास्ट ट्रॅव्हलर आपल्याकडे २०१० पासून निघतंय, आउटलुक ट्रॅव्हलर त्याच्याही आधीपासून, आणि त्यात जाहिरात दिसली की नावाला वजन येतं हे खरं. पण एकदा छापून काही होत नाही, पाच-सहा वेळा दिसावं लागतं आणि तेवढं तुमचं बजेट नाही. तुम्हाला ज्या मासिकाने कोटेशन दिलंय त्यांना एवढंच विचारा की एबीसीचं म्हणजे खप तपासणाऱ्या ऑडिट ब्युरोचं सर्टिफिकेट आहे का, आणि किती प्रती विकल्या जातात आणि किती हॉटेलच्या लॉबीत फुकट ठेवल्या जातात. बऱ्याच ग्लॉसी मासिकांचं इथेच बिंग फुटतं.

आता मुद्द्याचं. "श्रीमंत" म्हणजे कोण हे तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही, आणि जागा ठरते ती त्यावरून. पिढीजात उद्योगपतींची घरं असतात त्यांच्या मागे लागू नका, त्यांचा एजंट वडिलांच्या काळापासून ठरलेला असतो आणि उरलंसुरलं त्यांच्या क्रेडिट कार्डचा कन्सिअर्ज, म्हणजे बुकिंग करून देणारा माणूस, बघतो. तुमचं गिऱ्हाईक आहे चाकण-भोसरीला फॅक्टरी असलेला पन्नाशीचा माणूस, स्वतःचं हॉस्पिटल असलेली डॉक्टर जोडी, ईसॉप म्हणजे कंपनीने दिलेले शेअर विकून एकदम पैसा हातात आलेला आयटीवाला. यांच्याकडे पैसा आहे, वेळ नाही, आणि ग्रुप टूरच्या बसमध्ये बसायचं नाहीये. आणि एक चौथा प्रकार जो सगळे विसरतात: प्रभात रोडवर राहणारे साठी उलटलेले आई-बाबा ज्यांचा मुलगा सिएटलला आहे. जाणार आई-बाबा, पैसे भरणार मुलगा, आणि मुलाला हवी असते ती फक्त एक गोष्ट, की रात्री दोन वाजता काही झालं तर फोन उचलणारं कोणीतरी आहे. त्याला स्विमिंग पूलचे फोटो दाखवून उपयोग काय?

ही माणसं जिथे आधीच जमतात तिथे जायचं. पुण्यात त्यासाठी फार शोधावं लागत नाही. पूना क्लब १८८६ चा, बोट क्लब त्याच्याही आधीचा, डेक्कन जिमखाना आहे, आणि अशा क्लबांची मेंबरांना जाणारी पत्रकं असतात, सणाच्या पार्ट्या असतात, क्विझ नाइट असते, त्यांना स्पॉन्सर लागतातच. बाहेरच्याला सहसा मेंबरच्या ओळखीशिवाय आत घेत नाहीत, पण तुमच्या जुन्या क्लायंटमध्ये एकतरी मेंबर असणारच, त्याला सांगा. मराठा चेंबरचं 'संपदा' मासिक आहे, मराठीत निघतं, फॅक्टरीवाल्यांच्या टेबलावर पडलेलं असतं, तिथे तुमच्यासारखं कोणी जाहिरात करत नाही म्हणूनच करा. जैन कुटुंबांसाठी जितो ही जैन व्यापाऱ्यांची संघटना आहे, पण तिथे जायचं तर आइसलँडमध्ये जैन जेवण कसं देणार याचं उत्तर तयार ठेवून जा, तिथे पहिला प्रश्न हाच येतो आणि दुसरा येतच नाही, पहिल्याला नीट उत्तर दिलंत तर बुकिंगच येतं.

सवाई गंधर्वचं मुद्दाम सांगते. १९५३ पासूनचा महोत्सव, डिसेंबरात मुकुंदनगरला, आणि परदेशातून आलेली मुलं आईबाबांना घेऊन तिथेच बसलेली असतात, म्हणजे तुमचा तो चौथा प्रकार, पैसे भरणारा आणि जाणारा शेजारी शेजारी. मोठं स्पॉन्सर व्हायची गरज नाही. तिथल्या एखाद्या छोट्या स्टॉलचं जमतंय का विचारा, आणि स्टॉलवर तरुण मुलगी पॅम्प्लेट वाटायला नको, तुम्ही स्वतः उभ्या राहा. दिवाळी अंकही असाच, पन्नाशीपुढचा वाचक तो महिना-दोन महिने घरात ठेवतो, पाहुणे चाळतात, वर्तमानपत्राच्या पानाची दुसऱ्या दिवशी रद्दी होते. वर्तमानपत्रात केसरी टूर्स आणि वीणा वर्ल्डची पानंच्या पानं असतात, तिथे तुमची चार कॉलमची जाहिरात कोणाला दिसणार आहे.

सीए लोकांकडे तुम्ही गेलाय का कधी? परदेशी टूरवरचा टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच एजंटने घ्यायचा कर, हा विषय गेली काही वर्षं सगळ्यांच्या डोक्यावर बसलाय. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ७ लाखांच्या वर २० टक्के झाला, मग २०२५ च्या एप्रिलपासून ती मर्यादा १० लाख केली, आणि २०२६ च्या एप्रिलपासून सरसकट २ टक्के, बजेट आलं की परत बघावं लागतं. बजेटनंतर सीए फर्म आपल्या क्लायंटना बोलावून सेशन ठेवतात, त्यात दहा मिनिटं मागून घ्या आणि टूरचा टीसीएस रिटर्नमध्ये कसा वळता होतो, कुटुंबात पेमेंट कोणाच्या पॅनवरून करावं एवढंच सांगा. टूर विकू नका. त्या खोलीतले सगळे टॅक्स भरणारे आणि परदेशी जाणारे, याहून चांगली यादी कुठला डेटाबेसवाला देणार. फक्त त्या सीएला पर क्लायंट कमिशन वगैरे देऊ करू नका, त्यांच्या इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेत ते बसत नाही आणि चांगला सीए तिथेच तुम्हाला बाहेरचा रस्ता दाखवेल.

निम्मं बजेट मात्र मी वेगळ्याच ठिकाणी घालेन. जुन्या क्लायंटच्या घरी किंवा एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटच्या छोट्या खोलीत सात-आठ जोडप्यांची संध्याकाळ. बोलावणार तो क्लायंट, त्याच्या मित्रांना. त्याने केनियाचे स्वतःचे फोटो दाखवायचे, तुम्ही मध्ये मध्ये बोलायचं, जेवण चांगलं ठेवायचं आणि ब्रोशर अजिबात वाटायचं नाही. वर्षात अशा चार-पाच केल्यात तरी खूप. आणि याचा सगळा खर्च तुम्हीच करायला पाहिजे असं कोणी सांगितलं? फेब्रुवारीत मुंबईला बीकेसीत ओटीएम हे ट्रॅव्हलवाल्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे क्लायंट मिळेल म्हणून जाऊ नका, तिथे सगळे धंद्यातलेच असतात, पण टुरिझम बोर्ड, डीएमसी (त्या त्या देशात स्थानिक व्यवस्था बघणाऱ्या कंपन्या), क्रूझ कंपन्या तिथे बसलेल्या असतात आणि त्यांच्याकडे जॉइंट प्रमोशनचं बजेट असतं. "आम्ही पुण्यात सोळा लोकांची संध्याकाळ करतोय, सगळे अंटार्क्टिकाच्या बजेटचे आहेत, वक्ता तुमचा द्या आणि जेवणाचं अर्धं बिल द्या" असं थेट विचारा. मोठ्या कंपन्यांचे मॅनेजर विचारतात, आपले लोक लाजतात.

आता जाहिरातीतल्या मजकुराबद्दल, कारण तुम्ही पत्रासोबत जुनी जाहिरात जोडलीये. "अविस्मरणीय लक्झरी अनुभव, तुमच्या स्वप्नातील सफर" हे वाक्य काढा. लक्झरी हा शब्द आता टाइल्सवाले आणि बाथरूम फिटिंगवालेही वापरतात. त्याच जागेत हे लिहून बघा: "रवांडात गोरिलांच्या एका कुटुंबाजवळ दिवसाला आठच माणसं जातात, एकच तास. परमिट माणशी १५०० डॉलर. परमिट आम्ही काढतो, जंगलात चढण किती आहे तेही आधीच सांगतो." वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे महाग आहे, मोजक्यांसाठी आहे आणि या बाईंना यातलं कळतं. दुबईवाले आपोआप गळतात. किंमत लिहायला घाबरू नका, "जोडप्याला १४ लाखांपासून" असं स्पष्ट लिहा, चौकशा कमी येतील आणि त्या कमीच यायला पाहिजेत.

ऑनलाइन पूर्ण बंद करू नका पण इन्स्टावर बूस्टचं बटण दाबणं थांबवा. गुगलवर जो माणूस "अंटार्क्टिका क्रूझ फ्रॉम इंडिया" किंवा "मसाई मारा मायग्रेशन बेस्ट वीक" असं टाइप करतो तो आधीच अर्ध्या वाटेत आलेला असतो, अशा चार-पाच शब्दांवरच थोडे पैसे ठेवा, "चीप", "पॅकेज", "ईएमआय" हे शब्द निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे ते टाइप करणाऱ्याला तुमची जाहिरात दिसणार नाही. आणि वेळ बघा. प्राण्यांचे कळप मारा नदी ओलांडतात ते जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे जाहिरात जानेवारीत. अंटार्क्टिकाचा सीझन नोव्हेंबर ते मार्च आणि बोटीतल्या चांगल्या केबिन वर्षभर आधी जातात, तिथे दसऱ्याला जाहिरात देऊन उपयोग नाही. मुलं पाचवी ते नववीत असतील तर सगळं शाळेच्या सुट्टीवर, दहावी-बारावीचं वर्ष असलेल्या घराला फोनच करू नका.

आणि प्रत्येक नवीन फोनला "आमचं नाव कोणाकडून कळलं" हे विचारून वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती वही बघूनच पुढचे पैसे टाका, माझंसुद्धा ऐकू नका.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला ट्रॅव्हल एजन्सी चालवतो, तिकिटं, व्हिसा, थायलंड-दुबई असं. लक्झरीत उतरायचं आहे पण सगळे म्हणतात असले क्लायंट मुंबई-पुण्यातच असतात, आपल्याकडे कोण १५ लाखांची टूर घेणार. जाहिरात करावी का नाही?
— एक वाचक

उत्तर : दादा, तुमच्याच गावाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या हो! तेव्हाचं औरंगाबाद. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर असे सगळे एकत्र आले, सुमारे ६५ कोटींचा व्यवहार झाला, स्टेट बँकेने कर्ज दिलं, देशभर बातम्या झाल्या. "आपल्याकडे कोण घेणार" हे वाक्य निदान तुमच्या गावात तरी म्हणू नये.

पण त्या गोष्टीतलं नीट बघा काय झालं. गाड्या कुठल्या होर्डिंगमुळे गेल्या नाहीत. गावातल्याच काही लोकांनी मनावर घेतलं, एकाने दुसऱ्याला विचारलं, तू घेतोस तर मी पण घेतो, आणि सगळ्यांनी मिळून भाव करून घेतला. तुमच्याकडचा पैसेवाला असाच वागतो, एकटा नाही जात, सहा जोडपी मिळून जातात आणि त्यातला एकजण ठरवतो. तो एकजण शोधणं हीच तुमची जाहिरात. सीएमआयए आणि मसिआ या तुमच्या दोन्ही उद्योजक संघटना आहेत, डॉक्टरांच्या आयएमएची शाखा आहे, वाळूज-शेंद्र्याचे लोक तिथे भेटतात. मेंबरशिप घ्या, वर्षभर नुसते मीटिंगला जा, खुर्च्या लावायला मदत करा, लगेच कार्ड वाटू नका.

मग त्या सहा जोडप्यांसाठी प्रायव्हेट ग्रुप बनवा, बाकी कोणी अनोळखी नाही, स्वतःची व्हॅन, इटलीत एक व्हिला आणि सोबत आपला महाराज. हसू नका, फाइव्ह स्टारमध्ये राहून चौथ्या दिवशी पिठलं-भाकरी मिळाली की ते लोक दहा वर्षं तेवढंच सांगत राहतात. पहिल्या ग्रुपला मार्कअप कमी ठेवा पण फुकट कोणाला नेऊ नका, विशेषतः त्या ठरवणाऱ्याला, कारण ते बाकीच्यांना कळतंच आणि मग सगळं बिनसतं. जाहिरातीला पैसे ठेवायचेच असतील तर ग्रुप परत आल्यावर त्यांच्यासाठी एक चांगलं गेट-टुगेदर ठेवा आणि प्रत्येकाला एक जोडपं सोबत आणायला सांगा.

एक धोक्याची गोष्ट, थायलंड-दुबईच्या बोर्डाखालीच हे विकू नका. त्याच दुकानात "ओन्ली ३९,९९९" लिहिलेलं असेल तर तिथे कोणी १५ लाखांचं बोलत नाही. वेगळं नाव, वेगळा नंबर, आणि शक्यतो क्लायंटला दुकानात बोलवायचंच नाही, तुम्ही त्याच्या ऑफिसला जायचं.

प्रश्न : गोल्फ टूर्नामेंटला स्पॉन्सर व्हायची ऑफर आहे, एका होलवर आमचा बॅनर लागेल. घ्यावी का? लक्झरी व्हिला आणि याट बुकिंग करतो.
— रो., मुंबई

उत्तर : नुसत्या बॅनरसाठी नको. खेळणारा माणूस बॉलकडे बघतो. बॅनरऐवजी बक्षीस द्या, "निअरेस्ट टू द पिन"ला, म्हणजे झेंड्याच्या सगळ्यात जवळ बॉल टाकणाऱ्याला, दोन रात्री व्हिला, म्हणजे संध्याकाळी स्टेजवर तुमचं नाव घेतलं जाईल आणि बक्षीस तुमच्या हस्ते जाईल. होल-इन-वनला, म्हणजे एका फटक्यात बॉल होलमध्ये घालणाऱ्याला, मोठी टूर ठेवायची असेल तर आधी त्याचा इन्शुरन्स काढा, असा इन्शुरन्स मिळतो, नाहीतर एखाद्याचा खरंच लागायचा. आणि करारात जेवणाच्या टेबलावर दोन खुर्च्या लिहून घ्या, खेळाडूंच्याच टेबलावर, स्पॉन्सरच्या कोपऱ्यातल्या टेबलावर नको. या तीन गोष्टी देत नसतील तर सोडून द्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीला राहते. इथल्या मराठी आणि भारतीय कुटुंबांसाठी भारतातल्या लक्झरी ट्रिप आखून द्यायच्या असं डोक्यात आहे, राजवाड्यातली हॉटेलं, डेक्कन ओडिसी ही आलिशान रेल्वे, ताडोबा वगैरे. इथे मुलांना भारत दाखवायचाय पण नातेवाइकांच्या घरांच्या पलीकडे काही होत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. जाहिरात कुठे करू?
— मृ. जो.

उत्तर : कल्पना चांगली आहे आणि तुमचं गिऱ्हाईक दिसायला तरी एकत्र आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी होतं, २०२४ चं सॅन होजेला झालं, तिथे स्टॉल आणि स्मरणिका दोन्ही बघा, आणि मंडळाचं वृत्त निघतं त्यातही. पण माझं मत विचाराल तर अधिवेशनाच्या आधी तुमच्या जवळच्या मंडळाच्या गणपतीपासून सुरू करा, खर्च थोडा आणि आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत जेवढं बोलणं होतं तेवढं अधिवेशनाच्या गर्दीत होत नाही. मराठी शाळेतले पालक हा तर तुमचा नेमका माणूस, मुलांना भारत दाखवायची हौस त्यांनाच सगळ्यात जास्त. डॉक्टरांसाठी आपी आहे, भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना, त्यांचं वार्षिक अधिवेशन मोठं असतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा.

एक अडचण आधीच सांगते नाहीतर जाहिरात चालेल आणि ट्रिप फसेल. तुमच्याकडे शाळेची सुट्टी जून-अखेर ते ऑगस्ट, आणि ताडोबाचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो, डेक्कन ओडिसीही पावसाळ्यात धावत नाही. ती गाडी २००४ मध्ये सुरू झाली, कोविडमध्ये थांबली आणि २०२३ च्या सप्टेंबरात परत रुळावर आली, आणि तिचा सीझन थंडीतलाच. म्हणजे तुमचा माल विकला जाणार तो ख्रिसमसच्या सुट्टीचा, त्या वेळी उदयपूर-जयपूरची चांगली हॉटेलं फार आधी भरतात, म्हणून तुमची जाहिरात आदल्या वसंतात निघाली पाहिजे, गणपतीपर्यंत उशीर होतो. गणपतीत ओळखी करा, विका पुढच्या वर्षीचं. उन्हाळ्यात येणाऱ्यांना केरळ, लडाख असं वेगळं काहीतरी आखा, त्यांना वाघ दाखवायचं कबूल करू नका.

कायद्याचंही बघा. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, हवाई या राज्यांत ट्रॅव्हल विकणाऱ्याची नोंदणी लागते आणि तुम्ही न्यू जर्सीत बसून कॅलिफोर्नियाच्या माणसाला विकलंत तरी प्रश्न येऊ शकतो. अधिवेशनात सगळ्या राज्यांतले लोक येतात, तेव्हा स्टॉल घ्यायच्या आधी तिथल्या वकिलाशी बोला.

आणि जाहिरातीत राजवाड्याचा फोटो नको, तो सगळ्यांकडे असतो. "पुण्यात आजीकडे आठ दिवस, मग नऊ दिवस आम्ही, आणि आजीपण सोबत येते, तिच्यासाठी पायऱ्या नसलेली खोली" असं लिहा. भारतात येऊन आजीला सोडून फिरायला जायचं याचंच त्या आई-बापांना ओझं असतं, ते तुम्ही उचललंत तर रेट कोणी विचारणार नाही. म्हणजे विचारतील, मराठी आहेत, पण घासाघीस कमी करतील.

प्रश्न : "बेस्ट लक्झरी ट्रॅव्हल कंपनी वेस्टर्न इंडिया" हा अवॉर्ड आम्हाला मिळालाय असा मेल आला. समारंभासाठी दीड लाख भरायचे आहेत, हॉटेलात कार्यक्रम आहे, सेलिब्रिटीच्या हातून ट्रॉफी. त्याने श्रीमंत क्लायंट येतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही अर्ज केला नव्हता, कोणी तुमची टूर बघितली नाही, आणि अवॉर्ड मिळाला. असाच मेल तुमच्या समोरच्या एजन्सीलाही आला असणार, सहज विचारून बघा. दीड लाखात नाशिकच्या एखाद्या वायनरीत द्राक्षवाल्या एक्सपोर्टर मंडळींना जेवायला बोलवा, डॉक्टरही घ्या दोन-तीन. हार्वेस्टच्या गडबडीत नको, एप्रिल-मेमध्ये, तेव्हा त्यांच्या हातात पैसाही असतो आणि बायका विचारत असतात की या वर्षी जायचं कुठे.